ट्रेनच्या वाय-फायला लॅपटॉप जोडला जातो, आयपीही मिळतो, पण लॉगिनचं पान काही येत नाही (डेबियन १२)

अपडाऊनवाला

मंडळी, आता हात टेकले म्हणून इथे विचारतोय.

आठवड्यातून दोनदा ट्रेनने जातो-येतो, एका वेळेला साडेतीन तास. डब्यात फुकटचं वाय-फाय आहे आणि ते सगळ्यांचं चालतं, माझा लॅपटॉप सोडून. माझाच फोन चालतो. शेजारच्यांचा विंडोज लॅपटॉप चालतो. परवा समोरच्या बाईंच्या लेकाने त्याच वाय-फायवर तासभर कार्टून पाहिलं आणि मी त्याच्यासमोर काळ्या टर्मिनलमध्ये कमांड हाणत बसलो होतो. पोरगं मधूनमधून माझ्याकडे दयेने बघत होतं.

होतं काय ते सांगतो. यादीत गाडीचं नेटवर्क दिसतं, पासवर्ड नाही, सिग्नल पूर्ण. क्लिक केलं की दोन-तीन सेकंदांत जोडलं जातं आणि आयपी पत्ताही मिळतो. मग वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह येतं आणि तिथेच गाडं अडतं. अटी मान्य करून बटण दाबायचं ते पान फोनवर आपोआप उघडतं, इथे येतच नाही. फायरफॉक्समध्ये काहीही उघडायला गेलं की ‘सर्व्हर सापडला नाही’.

आतापर्यंत करून पाहिलेलं: वाय-फाय बंद-चालू, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडणं, रीबूट, नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट. कार्ड इंटेलचं आहे, ड्रायव्हर आयडब्ल्यूएल-वायफाय, डीमेसेजमध्ये एकही तक्रार नाही. पॉवर सेव्हिंग बंद करून पाहिलं, कारण प्रत्येक जुन्या धाग्यात कोणीतरी तेच सांगतं. काडीचा फरक नाही.

घरी, ऑफिसात, फोनच्या हॉटस्पॉटवर, कुठेही अडत नाही. फक्त या गाडीत.

आणि ज्याने माझी झोप उडवली ते शेवटी सांगतो. गेल्या खेपेला पेन ड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन सुरू केलं. तोच लॅपटॉप, तेच कार्ड, तोच डबा. पान झटक्यात उघडलं! परत हार्ड डिस्कवरून बूट केलं, पुन्हा प्रश्नचिन्ह.

सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायला मन धजत नाही. काय बघू?

(कमांड उच्चारतो तशा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना आपापलं रोमन करून घ्या.)

शेवटचा_डबा

हे बहुतेक एचटीटीपीएसचं (कुलूपबंद वेब जोडणीचं) लफडं आहे. असली लॉगिन पानं येतात कशी, तर तुम्ही कुठलंही साधं एचटीटीपी पान मागितलं की गाडीतला राउटर ती मागणी मधेच पकडतो आणि ‘आधी इकडे या’ म्हणून स्वतःच्या पानावर वळवतो. एचटीटीपीएसमध्ये त्याला हे करता येत नाही. मधे तोंड घातलं तर त्याच्याकडे त्या साइटचं सर्टिफिकेट नसतं आणि ब्राउझर बोंब मारतो. आता बहुतेक सगळ्या साइट एचटीटीपीएसवर असल्यामुळे राउटरच्या हाती काही लागतच नाही.

तेव्हा पत्त्याच्या पट्टीत मुद्दाम ‘एचटीटीपी’ लावून एक्झाम्पल डॉट कॉम किंवा नेव्हर-एसएसएल डॉट कॉम उघडा. दुसरी साइट तर याच कामासाठी काढलेली आहे. आणि फायरफॉक्समध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ (डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणं, तेही कुलूपबंद मार्गाने) चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

अपडाऊनवाला

धन्यवाद, पण तिथवर गाडी पोचतच नाही. साधं एचटीटीपी पान मागितलं तरी ‘सर्व्हर सापडला नाही’. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मी कधी चालूच केलं नव्हतं. कर्लनेही (टर्मिनलमधून पान मागणारी कमांड) पाहिलं, तेही म्हणतं की नावाचा पत्ता सापडत नाही.

विचित्र वाटलं ते हे की उत्तर लगेच येतं. वाट बघणं नाही, टाइमआउट नाही. एंटर दाबलं की त्याच क्षणी नकार.

नवखी_पेंग्विन

अगदी असंच माझ्याकडे झालं होतं, मी कित्येक आठवडे गाडीच्या वाय-फायला शिव्या घालत होते आणि चूक निघाली माझीच. 🙈

मी कुठल्याशा लेखात वाचून सिस्टमडी-रिझॉल्व्हच्या (नावांचे पत्ते शोधणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगमध्ये ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ला ‘येस’ करून ठेवलं होतं. त्याचा अर्थ असा की नावांची चौकशी फक्त कुलूपबंद मार्गाने, पोर्ट ८५३ वरूनच करायची, नाहीतर करायचीच नाही. गाडीचा राउटर लॉगिन होईपर्यंत असलं काही बाहेर सोडत नाही. म्हणजे लॉगिनसाठी नाव सापडायला हवं आणि नाव सापडायला लॉगिन झालेलं हवं. बसा! ‘येस’च्या जागी ‘ऑपॉर्च्युनिस्टिक’ केलं, म्हणजे जमलं तर कुलूपबंद, नाही तर साधं. तेव्हापासून नीट चालतंय.

दुसरी शक्यता व्हीपीएन आपोआप सुरू होत असण्याची. काही व्हीपीएनमध्ये ‘व्हीपीएन नसेल तर सगळी वाहतूक बंद’ असा पर्याय असतो, तो चालू असला तर लॉगिनचं पानही अडतं.

तिसरी, रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये कधीकाळी हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ (बाहेरचे सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) लिहून ठेवलंय का? बघ एकदा.

अपडाऊनवाला

ताई, तिन्ही तपासलं. सिस्टमडी-रिझॉल्व्ह माझ्याकडे नाहीच. व्हीपीएन नाही. रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये एकच ओळ आहे, नेमसर्व्हर १७२.१८.०.१, आणि ती गाडीनेच डीएचसीपीतून (जोडताना आपोआप पत्ते वाटणारी सोय) दिलेली. फोनवर त्याच वाय-फायचे तपशील उघडून पाहिले, तिथेही गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे गाडीचा राउटर) आणि डीएनएस दोन्ही १७२.१८.०.१. म्हणजे पत्ता बरोबर आहे.

लॅपटॉपला मिळालेला पत्ता १७२.१८.४०.२३, मास्क १६ (म्हणजे १७२.१८ ने सुरू होणारे सगळे पत्ते याच नेटवर्कचे). ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक’ केलं तर ‘लिमिटेड’ येतं.

राउटरवैद्य

लाइव्ह पेन ड्राइव्हवर चालतं, म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, गाडी, तिघेही निर्दोष. दोष तुमच्या डिस्कवरच्या कशात तरी आहे. अर्धं निदान तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये केलं होतं.

दुसरं, नेटवर्क मॅनेजर ‘पोर्टल’ न म्हणता ‘लिमिटेड’ म्हणतो, हे लक्षात घ्या. ‘पोर्टल’ म्हणजे त्याने चाचणीसाठी पान मागितलं आणि कोणीतरी दुसरीकडे वळवलं. लॉगिनची खिडकी त्या शब्दावर उघडते. ‘लिमिटेड’ म्हणजे वळवायलासुद्धा कोणी भेटलं नाही. तुमची मागणी गाडीच्या राउटरपर्यंत पोचतच नाहीये.

आता दोन गोष्टी सांगा.

या मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का?

आणि पुढच्या प्रवासात, वाय-फायला जोडलेलं असताना, १७२.१८.०.१ ला पिंग करा. जातं की नाही एवढ्यावर थांबू नका, किती मिलिसेकंद लागले ते बघा.

अपडाऊनवाला

आज गाडीत बसलोय, फोनवरून लिहितोय.

पिंग जातंय! एकही पाकीट हरवलं नाही. वेळ ०.०४१ मिलिसेकंद, दुसऱ्याला ०.०३८, तिसऱ्याला ०.०४४. म्हणजे गेटवेपर्यंत सगळं उत्तम आहे ना? मग पुढे काय अडतंय?

डॉकर आहे, कामासाठी लागतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून मघाशीच ‘सिस्टम-सीटीएल स्टॉप डॉकर’ करून बंद केलं. फरक नाही, तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला असं धरतो.

राउटरवैद्य

एवढ्यात निकालात काढू नका.

०.०४१ मिलिसेकंद. या आकड्याकडे नीट बघा. राउटर हाताच्या अंतरावर असला तरी वाय-फायवरून पिंग जाऊन यायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. डबाभर माणसं एकाच वाय-फायला लटकलेली असतील तर दहा, वीस, कधी शंभरही. दोन धरले तरी तुमचं पाकीट त्याच्या पन्नासपट वेगाने परत आलं. कारण ते बाहेर गेलंच नाही. तुम्ही गाडीच्या राउटरला हाक मारलीत आणि तुमच्याच लॅपटॉपने ‘ओ’ दिली.

खात्री करायची तर ‘आयपी राउट गेट १७२.१८.०.१’ द्या. माझा अंदाज, ओळीची सुरुवात ‘लोकल’ या शब्दाने होईल आणि पुढे ‘डेव्ह एलओ’ असेल, म्हणजे लूपबॅक, मशीनचा स्वतःशीच बोलायचा मार्ग. वाय-फायच्या इंटरफेसचं नावही त्या ओळीत नसेल.

आता हे का. खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीनच पट्टे राखून ठेवलेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. हे कोणीही वापरावेत, कोणाची परवानगी लागत नाही. डॉकर मूळच्या सेटिंगमध्ये डॉकर-शून्य या पुलाला (ब्रिज, म्हणजे कंटेनर आणि लॅपटॉप यांना जोडणारं आभासी नेटवर्क) १७२.१७ चा पट्टा देतं. तुम्ही कंपोझने (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं डॉकरचं साधन) एखादा प्रोजेक्ट चालवलात की त्याच्यासाठी वेगळा पूल बांधतं आणि त्याला पुढचा मोकळा पट्टा देतं, बहुधा १७२.१८. त्या पुलाचं तुमच्या लॅपटॉपकडचं टोक असतं १७२.१८.०.१. गाडीचं नेटवर्क आखणाऱ्यानेही तोच पट्टा घेतलाय आणि राउटरला तोच पहिला पत्ता दिलाय. एका गल्लीत एकच घर-नंबर असलेली दोन घरं, आणि त्यातलं एक तुमचं स्वतःचं. पोस्टमन लांब कशाला जाईल?

यात गाडीवाल्यांचं चुकलेलं नाही आणि डॉकरचंही नाही. नवं नेटवर्क बांधताना डॉकर तेव्हाचे राउट बघून घेतं आणि टक्कर होणारा पट्टा टाळतं. पण तुम्ही ते बांधलंत घरी बसून, तेव्हा १७२.१८ खरोखरच मोकळा होता.

तुमची सगळी लक्षणं यात बसतात. आयपी मिळतो, कारण डीएचसीपीची मागणी एका पत्त्यावर जात नाही, सगळ्या डब्यात ओरडून केली जाते. डीएनएस लगेच नकार देतं, कारण चौकशी तुमच्याच मशीनच्या पोर्ट ५३ वर जाते आणि तिथे ऐकायला कोणी बसलेलं नाही. खरंच दूरचा सर्व्हर गप्प असता तर काही सेकंद वाट बघावी लागली असती. तुम्ही ‘त्याच क्षणी नकार’ म्हणालात तिथेच मला शंका आली. लॉगिनचं पानही १७२.१८ मध्येच कुठेतरी असणार, तेही त्याच कारणाने अडणार.

बळजबरीने वाय-फायमधूनच पाकीट पाठवलंत तरी उपयोग नाही. उत्तर येईल, पण पाठवणाऱ्याच्या जागी आपलाच पत्ता बघून कर्नल ते केराच्या टोपलीत टाकेल. अशा पाकिटांना कर्नलमध्ये ‘मार्शियन’ म्हणतात, मंगळावरून आलेली.

राहिला प्रश्न डॉकर बंद केल्याचा. सेवा बंद केली की डीमन (डॉकरचा मागे चालणारा प्रोग्राम) थांबतो, पण त्याने बांधलेले पूल कर्नलमध्ये तसेच उभे राहतात, पत्त्यांसकट. ‘आयपी ॲड्रेस’ द्या, ‘बीआर’ आणि पुढे बारा अक्षरी आकडे-अक्षरांची खिचडी असलेलं एक नाव दिसेल. तोच तुमचा चोर.

अपडाऊनवाला

साष्टांग नमस्कार! ‘लोकल १७२.१८.०.१ डेव्ह एलओ’, शब्दन् शब्द तुम्ही लिहिलंत तसा. आणि पूलही आहे, एक नाही, तीन आहेत. १७२.१८, १७२.१९ आणि १७२.२०. त्यातले दोन अशा प्रोजेक्टचे जे मी शेवटचे कधी उघडले ते आठवतही नाही.

घाईघाईने ‘आयपी लिंक सेट’ करून १७२.१८ वाला पूल ‘डाउन’ केला. पिंग अजूनही ०.०४ च! असं कसं? इंटरफेस तर बंद दाखवतोय.

राउटरवैद्य

लिनक्समध्ये पत्ता इंटरफेसचा नसतो, अख्ख्या मशीनचा असतो. इंटरफेस खाली पाडला की त्याच्याकडे जाणारा राउट जातो, पण ‘हा पत्ता माझा’ ही नोंद लोकल टेबलात तशीच राहते. म्हणून बंद इंटरफेसचा पत्तासुद्धा पिंगला उत्तर देतो. पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण चक्रावतो, मीही चक्रावलो होतो.

पूलच उडवा: ‘सुडो आयपी लिंक डिलीट’ आणि पुढे त्या पुलाचं नाव. घाबरू नका, कंटेनरमधला डेटा त्यात नसतो. डॉकर पुन्हा सुरू केलंत की तो पूल नव्याने बांधला जाईल, म्हणजे ही फक्त प्रवासापुरती मलमपट्टी. त्यानंतर वाय-फाय एकदा तोडून जोडा.

अपडाऊनवाला

पान आलं!!! हिरवं बटण दाबलं, ‘आपण जोडले गेला आहात’. हे वाक्य मी लॅपटॉपवरून लिहितोय. पिंग आता १४ मिलिसेकंद दाखवतंय, आणि इतकं संथ पिंग बघून आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नव्हता.

कायमचा इलाज सांगाल का? दर खेपेला पूल पाडत बसायचं नाही.

शेवटचा_डबा

मी पण शिकलो आज. एचटीटीपीएसवर छातीठोक बोललो होतो, शब्द मागे.

वैद्यबुवा, एक शंका. गाडीचा मास्क १६ ऐवजी २४ असता तर? तेव्हा लहान पट्ट्याचा राउट जिंकतो ना?

राउटरवैद्य

जिंकतो. दोन्ही १६ असतील तर मेट्रिक (राउटचा पसंतीक्रम, कमी आकडा आधी) बघितलं जातं. पुलाच्या राउटचं मेट्रिक शून्य, नेटवर्क मॅनेजर वाय-फायला ६०० देतो, म्हणून पूल जिंकतो. गाडीचा मास्क २४ असेल तर त्या पट्ट्यातले इतर पत्ते वाय-फायकडेच जातील. पण १७२.१८.०.१ हा नेमका पत्ता तुमच्या मशीनचाच असल्यामुळे त्याच्यापुरतं लोकल टेबल आधी बघितलं जातं. डीएनएस तरीही मेलेलंच राहील, आणि निदान आणखी अवघड होईल, कारण आजूबाजूचं बरंचसं चालत असेल.

कायमचा इलाज. ईटीसी फोल्डरमध्ये डॉकरचं फोल्डर आहे, त्यात ‘डीमन डॉट जेसन’ नावाची फाइल. नसेल तर तयार करा. त्यात ‘डीफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स’ (इथे पूल म्हणजे पत्त्यांचा साठा, ब्रिज नव्हे) या नावाखाली एक नोंद टाका: ‘बेस’ १०.२११.०.०/१६ आणि ‘साइझ’ २४. हा पर्याय डॉकर १८.०६ पासून आहे. आकडा हाच हवा असं नाही, १० च्या पट्ट्यात आडवळणाचं काहीतरी घ्या, फक्त ऑफिसच्या नेटवर्कशी टक्कर होत नाही एवढं बघा. १०.० आणि १०.१ टाळा, ते सगळ्यांनाच सुचतात.

साइझ २४ मुळे प्रत्येक नेटवर्कला २५६ पत्ते आणि अशी २५६ नेटवर्क मावतात. मूळच्या सेटिंगमध्ये दोन कंटेनरच्या प्रोजेक्टलाही पासष्ट हजारांचा पट्टा देऊन टाकतात, उधळपट्टी नुसती.

फाइल जतन करून डॉकर रीस्टार्ट करा. आणि इथे लोक फसतात: आधी बांधलेली नेटवर्क आपोआप नव्या पट्ट्यात जात नाहीत. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जाऊन ‘डॉकर कंपोझ डाउन’, मग ‘अप’. डाउनला ‘डॅश व्ही’ लावू नका, त्याने व्हॉल्यूमही जातात आणि मग डेटाबेस शोधत फिराल. जे प्रोजेक्ट आठवतही नाहीत त्यांच्यासाठी ‘डॉकर नेटवर्क प्रून’, वापरात नसलेली सगळी नेटवर्क झाडून निघतात.

अपडाऊनवाला

केलं. तिन्ही पूल गेले, नवा एकच उभा राहिला, १०.२११ मध्ये. काल जाताना आणि आज येताना दोन्ही वेळा पान पहिल्या झटक्यात.

आता हावरटपणा म्हणा, पण दोन बारीक तक्रारी उरल्यात. बोगद्यातून बाहेर आलं की कधीकधी लॉगिनचं पान पुन्हा येतं, जणू मी नवाच प्रवासी आहे. आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडणं) कधीकधी जोडताना मधेच गोठतं, वेबसाइट मात्र चालू असतात.

नवखी_पेंग्विन

पहिल्याचं मी सांगते! पोर्टल तुला नावाने ओळखत नाही, मॅक पत्त्याने, म्हणजे वाय-फाय कार्डाच्या ओळख क्रमांकाने ओळखतं. खासगीपणासाठी कोणीतरी ‘क्लोन्ड मॅक ॲड्रेस’ला ‘रँडम’ करायला सांगतं आणि आपण करून टाकतो. मग कनेक्शन पूर्ण तुटून नव्याने जोडलं गेलं की नवा मॅक, नवा पाहुणा, पुन्हा अटी मान्य करा. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेल्यावर सिग्नल नुसता बदलला तर मॅक तोच राहतो, म्हणून हे कधी होतं आणि कधी होत नाही आणि आपल्याला वाटतं भूतबाधा.

‘रँडम’च्या जागी ‘स्टेबल’ कर. खरा मॅक तरीही लपतो, पण त्या नेटवर्कसाठी खोटा मॅक दर वेळी तोच राहतो.

शेवटचा_डबा

एसएसएचचं एमटीयूमुळे (एका पाकिटाचा कमाल आकार) असू शकतं. गाडीतून बाहेरचा रस्ता मोबाइल नेटवर्कवरून जातो, त्यात बऱ्याचदा एखादा टनेल गुंडाळलेला असतो, त्यामुळे १५०० बाइटचं अख्खं पाकीट मावत नाही. ‘मावत नाही’ असं सांगणारा निरोप वाटेत कोणीतरी गिळला की तुमचं मशीन तेच मोठं पाकीट पाठवत बसतं. लहान पाकिटं जातात, म्हणून सुरुवात होते आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी येऊन थांबते. ‘आयपी लिंक सेट’ने वाय-फायचा एमटीयू १२८० करून बघा. गोठणं थांबलं तर तेच होतं. यावेळी शब्द जपून वापरतोय, ‘असू शकतं’ म्हटलंय.

अपडाऊनवाला

मॅक ‘रँडम’च होता, मीच करून ठेवलेला. ‘स्टेबल’ केल्यापासून चार बोगदे झाले, पान परत आलं नाही. एमटीयू १२८० वर एसएसएच एकदाही गोठलेलं नाही. शब्द मागे घ्यायची गरज नाही, डबेवाले.

टर्मिनलघर

धागा वाचून हुरूप आला, कारण माझ्या गाडीत हेच होतं, फक्त गेटवे १७२.१७.०.१ आहे. सगळे कंपोझ प्रोजेक्ट डाउन केले, प्रून केलं, पूल सगळे गेले. तरी ‘आयपी राउट गेट’ अजून ‘लोकल’च म्हणतं. डीमन डॉट जेसनमध्ये पूल्सची नोंदही टाकलीय.

राउटरवैद्य

१७२.१७ म्हणजे डॉकर-शून्य, मूळचा पूल. तो कुठल्याच प्रोजेक्टचा नाही, त्यामुळे कंपोझ किंवा प्रून त्याला हात लावत नाहीत. त्याच फाइलमध्ये ‘बीआयपी’ नावाची आणखी एक नोंद टाका, किंमत १०.२१२.०.१/२४. इथे पट्टा नाही, पुलाचा स्वतःचा पत्ता द्यायचा असतो, म्हणून शेवटी १. शून्य लिहिलंत तर डॉकर सुरूच होणार नाही.

दोन नोंदींच्या मधला स्वल्पविराम विसरू नका, आणि डीमन रीस्टार्टच करा, नुसत्या रीलोडने हा बदल लागत नाही.

टर्मिनलघर

स्वल्पविरामच विसरलो होतो. झालं, १७ मिलिसेकंद.